दहावीचा भूगोल: आधी नकाशा, मग पुस्तक (स्टेट बोर्डवाल्यांसाठी सविस्तर)

दहावीच्या मुलांचा भूगोल बहुतेक घरांत फेब्रुवारीत सुरू होतो. वर्षभर गणित, सायन्स, इंग्लिशचे क्लास चालतात, भूगोलाचा पेपर नेहमी शेवटी शेवटी येतो म्हणून तो मागे पडत जातो, त्यात बेस्ट ऑफ फाइव्ह आहेच, सोशलचे मार्क कमी पडले तर पडले असं पालकच म्हणतात. मग शेवटच्या दोन-तीन दिवसांत गाईड उघडायचं आणि "ब्राझीलमध्ये नियमित हिमवर्षा होत नाही" याची तीन कारणं घोकायची. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण दहावीचा भूगोल हा पाठांतराचा विषयच नाहीये. नकाशा नीट डोळ्यांत बसला तर या पुस्तकातली निम्मी वाक्यं तुमची तुम्हालाच सुचतात आणि बाकीची निम्मी एकदा वाचली की लक्षात राहतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्या बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात पूर्ण वर्षभर दोनच देश आहेत, भारत आणि ब्राझील. क्षेत्रभेट, स्थान व विस्तार, प्राकृतिक रचना व जलप्रणाली, हवामान, नैसर्गिक वनस्पती व प्राणी, लोकसंख्या, मानवी वस्ती, अर्थव्यवस्था व व्यवसाय, आणि शेवटी पर्यटन-वाहतूक-संदेशवहन, असे नऊच धडे. पेपर ४० मार्कांचा, दोन तास. त्यात नकाशाला ८ आणि आलेखाला ६, म्हणजे ४० पैकी १४ मार्क सरळ पेन्सिल-पट्टीचे. पॅटर्नमध्ये बारीकसारीक बदल होऊ शकतात म्हणून तुमच्या वर्षीचा आराखडा शाळेतून एकदा बघून घ्या, पण अभ्यासाची पद्धत त्याने बदलत नाही.

आधी सामान जमवा

पाठ्यपुस्तक, एक बरा अ‍ॅटलास (मोठ्या भावंडाचा जुना असला तरी चालतो, नद्या-डोंगर जागचे हलत नाहीत), भारत आणि ब्राझील दोन्हींचे कोरे नकाशा आराखडे प्रत्येकी दहा-बारा, बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर, ग्राफ पेपर, टोक केलेल्या दोन एचबी पेन्सिली, चार-पाच रंगीत पेन्सिली आणि एक जाड वही. कोरे आराखडे स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, नाहीतर पुस्तकातल्या नकाशावरून एक स्वच्छ बाह्यरेषा काढून तिच्याच झेरॉक्स काढा. गाईड विकत घेतलं असेल तर जानेवारीपर्यंत कपाटात ठेवा, हे मी अगदी गंभीरपणे सांगतेय. गाईडमधलं उत्तर आधी वाचलं की नकाशाकडे बघायची गरजच वाटत नाही आणि मग पेपरात प्रश्न जरा फिरवून आला की मुलं अडकतात.

पायरी १: दोन्ही देश पृथ्वीवर नक्की कुठे आहेत ते पक्कं करा

दुसऱ्या धड्यापासून सुरू करा. पहिला क्षेत्रभेटीचा आहे, तो नंतर करू.

कोऱ्या नकाशावर फक्त आडव्या-उभ्या महत्त्वाच्या रेषा काढायच्या. भारतात कर्कवृत्त, म्हणजे २३°३०' उत्तर, आणि ८२°३०' पूर्व रेखावृत्त, जे मिर्झापूरजवळून जातं आणि ज्यावरून आपली प्रमाणवेळ ठरते. कर्कवृत्त ज्या आठ राज्यांतून जातं ती पश्चिमेकडून पूर्वेकडे बोट फिरवत म्हणा: गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मिझोरम. बोट फिरवत म्हणायचं, नुसतं तोंडाने नाही, कारण पेपरात नकाशा येतो तेव्हा क्रमच कामाला येतो. मुख्य भूमीचा विस्तार ८°४' ते ३७°६' उत्तर आणि ६८°७' ते ९७°२५' पूर्व, आणि अगदी दक्षिणेचं टोक इंदिरा पॉइंट ६°४५' उत्तरेला, ते निकोबारात आहे, कन्याकुमारीला नाही. हा घोळ दरवर्षी होतो.

ब्राझीलच्या नकाशात दोन रेषा. वरच्या बाजूने विषुववृत्त जातं आणि खालच्या भागातून मकरवृत्त. मकापा नावाचं शहर विषुववृत्तावरच वसलेलं आहे, आणि साओ पावलो शहर जवळजवळ मकरवृत्तावर. म्हणजे आपल्याकडे अहमदाबाद-भोपाळ विषुववृत्ताच्या उत्तरेला जेवढे लांब, साधारण तेवढंच साओ पावलो दक्षिणेला. हे एकदा कळलं की पुढे हवामानाच्या धड्यात फार सोपं जातं, कारण ब्राझीलचा बहुतेक भाग मकरवृत्ताच्या वर, उष्ण कटिबंधात येतो आणि अगदी दक्षिणेचा तुकडाच तेवढा समशीतोष्ण कटिबंधात जातो.

आणि एक गोष्ट कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा: ब्राझीलमध्ये उत्तरेला गेलं की गरम, दक्षिणेला गेलं की थंड. आपल्या डोक्यात लहानपणापासून उलटं बसलंय, उत्तर म्हणजे काश्मीर, बर्फ, स्वेटर. त्यामुळे मुलं ब्राझीलच्या उत्तरेला थंडी दाखवून येतात. तसंच ऋतूंचं, आपण डिसेंबरात शेकोटी करतो तेव्हा रिओमध्ये उन्हाळा असतो.

आता वेळ. एक अंश रेखावृत्त म्हणजे ४ मिनिटं, हे आठवीत झालंय. भारताची प्रमाणवेळ ८२°३०' पूर्वेची, ब्राझीलची राजधानी ब्राझिलियाची वेळ ४५° पश्चिमेची. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, म्हणून बेरीज: १२७°३०'. गुणिले ४ म्हणजे ५१० मिनिटं, म्हणजे साडेआठ तास. भारत पूर्वेला म्हणून आपण पुढे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पी. व्ही. सिंधूची फायनल आपण संध्याकाळी टीव्हीसमोर बसून बघितली तेव्हा रिओत सकाळ होती, ते याचमुळे. असे चार-पाच हिशोब स्वतः घालून बघा: आपल्याकडे १ जानेवारीचे रात्रीचे १२ वाजले की ब्राझिलियात किती वाजलेत आणि तारीख कोणती? (३१ डिसेंबर, दुपारचे साडेतीन.) बेरीज कधी करायची आणि वजाबाकी कधी, एवढंच त्यात चुकतं, दोन्ही ठिकाणं ग्रीनिचच्या एकाच बाजूला असतील तर वजाबाकी.

शेजारी देश नकाशावर बघूनच करा. दक्षिण अमेरिकेत चिली आणि इक्वेडोर हे दोनच देश असे आहेत ज्यांची सीमा ब्राझीलला लागत नाही, बाकी सगळ्यांची लागते. सगळी यादी पाठ करण्यापेक्षा हे दोन लक्षात ठेवा आणि बाकीचे नकाशावर ओळखा.

पायरी २: थरांचा नकाशा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पूर्ण अभ्यासाचा हा कणा आहे.

प्रत्येक देशाचा एक आराखडा पुठ्ठ्यावर चिकटवा. त्यावर बसतील असे बटर पेपरचे तुकडे कापा आणि वरच्या बाजूला सेलोटेपने असे लावा की वहीच्या पानांसारखे उलटता येतील. पहिल्या तुकड्यावर फक्त प्राकृतिक रचना, दुसऱ्यावर नद्या, तिसऱ्यावर पाऊस, चौथ्यावर वनस्पती, पाचव्यावर लोकसंख्या आणि मोठी शहरं. धडा झाला की त्याचा थर भरायचा. एकावर एक ठेवून उजेडासमोर धरलं की कुठल्या गोष्टीमुळे काय झालं ते दिसायला लागतं.

ब्राझीलचंच घ्या. पहिल्या थरावर मधोमध आणि पूर्वेला ब्राझीलची उच्चभूमी, अगदी उत्तरेला गियाना उच्चभूमी, दोन्हींच्या मधे अ‍ॅमेझॉनचं मैदान. नैर्ऋत्येला बोलिव्हिया-पॅराग्वेच्या सीमेकडे पँटानलचा दलदलीचा प्रदेश. आणि पूर्व किनाऱ्याला लागून उच्चभूमीची जी उभी कडा समुद्राकडे उतरते तो अजस्र कडा. आता तिसरा थर, पावसाचा. समुद्राकडून येणारे आग्नेय व्यापारी वारे किनाऱ्यावर येतात, कड्याला अडतात, वर चढतात आणि किनारी पट्टीत पाऊस पाडतात, पुढे ईशान्येकडच्या अंतर्गत भागात पोचेपर्यंत त्यांच्यात बाष्प उरत नाही, म्हणून तिथे पर्जन्यछायेचा प्रदेश, ज्याला पुस्तकात अवर्षण चतुष्कोन म्हटलंय. चौथ्या थरावर बघा, बरोबर त्याच जागी काटेरी खुरट्या वनस्पती, कॅटिंगा. पाचव्यावर बघा, तिथे लोकसंख्या किनाऱ्याच्या मानाने कमी. एकाच ठिकाणी बोट ठेवून चार धड्यांची उत्तरं आली, आणि यातलं पाठ काहीच केलं नाही.

हे वाचून तुम्हाला आपला सह्याद्री आठवला असेल तर एकदम बरोबर. मान्सूनचे वारे, पश्चिम घाट, कोकणात धो धो पाऊस आणि पलीकडे माण-खटाव, जत, आटपाडीला टँकर. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ६००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि घाट उतरून तासाभरात वाईत आलात की त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतका. प्रतिरोध पर्जन्य हा शब्द पुस्तकात वाचून विसरतो, पण जो पोरगा पाचगणीवरून पसरणीच्या घाटाने पावसाळ्यात खाली आलाय तो विसरत नाही. म्हणून ब्राझीलचं प्रत्येक कारण शिकताना आपल्याकडचं त्याच्यासारखं ठिकाण शोधायची सवय लावा, पुस्तकाची रचनाच त्यासाठी केलीय.

भारताचा थर भरताना पाच भाग: हिमालय, उत्तर भारतीय मैदान, द्वीपकल्प, किनारपट्टी, द्वीपसमूह. इथे नद्यांच्या थरावर जरा थांबा. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आसपास, तरी ती उलटी वळून १४६५ किलोमीटर जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. का? द्वीपकल्पाचा उतार पूर्वेकडे आहे. मग नर्मदा-तापी पश्चिमेला का जातात? त्या खचदऱ्यांतून वाहतात. हे असं स्वतःला विचारत विचारत नदी काढायची.

पूर्व किनाऱ्यावर नैसर्गिक बंदरं कमी का, हा आवडता प्रश्न आहे. नकाशा बघा: महानदी, गोदावरी, कृष्णा, कावेरी सगळ्या तिकडेच जातात, गाळ टाकतात, त्रिभुज प्रदेश तयार करतात, किनारा उथळ होतो, मोठी जहाजं काठापर्यंत येऊ शकत नाहीत. पश्चिम किनारा खडकाळ, दंतुर, म्हणून तिकडे मुंबई, मार्मागोवा, कोची. नद्यांच्या थरावर बोट ठेवा, उत्तर तिथेच लिहिलेलं आहे.

पायरी ३: "का?" वही

जाड वहीचं पान उभं तीन भागांत पाडा. डावीकडे भारत, उजवीकडे ब्राझील, आणि मधला रकाना सगळ्यात रुंद, त्याला नाव "का?". फरक दिसला की दोन्हीकडे लिहायचं आणि मधे कारण. कारण सापडलं नाही तर रकाना कोरा ठेवा, वर्गात सरांना-मॅडमना विचारा, पण भरल्याशिवाय पान उलटू नका.

एक नमुना देते, लोकसंख्येच्या धड्यातला. भारत: २०११ च्या जनगणनेनुसार १२१ कोटी लोक, क्षेत्रफळ ३२.८७ लाख चौ. किमी, घनता दर चौ. किमीला ३८२ माणसं. ब्राझील: २०१० च्या जनगणनेनुसार १९ कोटींच्या आसपास, क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौ. किमी. घनता पाठ करू नका, भागाकार करा, २२-२३ येते. म्हणजे आपल्या अडीचपट मोठ्या देशात आपल्या सहाव्या हिश्शाहून कमी माणसं. मधल्या रकान्यात: अ‍ॅमेझॉनचं खोरं, घनदाट सदाहरित वर्षावन, वर्षभर उष्ण-दमट हवा, रस्ते-रेल्वे टाकायला अवघड, जंगल तोडलं की जमीन लवकर नापीक होते, म्हणून तो सगळा भाग विरळ. माणसं कुठे? आग्नेयेला, साओ पावलो-रिओच्या पट्ट्यात, जिथे हवा बरी, जमीन सुपीक, कॉफीचे मळे, खनिजं, उद्योग आणि बंदरं आहेत. लोकसंख्या किनाऱ्यालाच चिकटलेली म्हणून देशाच्या आतल्या भागाचा विकास व्हावा यासाठी १९६० मध्ये राजधानी रिओहून उचलून नव्याने बांधलेल्या ब्राझिलियाला नेली. बघा, लोकसंख्येपासून राजधानीपर्यंत एकच धागा आला.

दुसरा नमुना नागरीकरणाचा. आपल्याकडे २०११ ला ३१ टक्क्यांच्या वर लोक शहरात, ब्राझीलमध्ये ८४ टक्क्यांच्या वर. इथे मुलं लगेच लिहितात की ब्राझील श्रीमंत म्हणून. तेवढ्यावर थांबू नका. तिथे उद्योग आणि रोजगार मोजक्या शहरांत एकवटले, शेतीचे मोठमोठे मळे, त्यात माणसं कमी लागतात, लोक शहराकडे आले, घरं पुरली नाहीत, फवेला म्हणजे झोपडपट्ट्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे अजून शेतीवर खूप लोक अवलंबून आहेत, गावं मैदानात दाट आणि केंद्रित आहेत.

वाहतुकीत असाच एक फरक फार बोलका आहे. समुद्रावर चालणारी जहाजं अ‍ॅमेझॉनमधून थेट मानौसपर्यंत, म्हणजे साधारण दीड हजार किलोमीटर आत जातात, कारण नदी रुंद, खोल, पाण्याने कायम भरलेली आणि मैदानाचा उतार अगदी मंद. आपल्या द्वीपकल्पातल्या नद्या उन्हाळ्यात आटतात, त्यामुळे तिथे असा जलमार्ग होत नाही. रेल्वेचं मात्र आपल्याकडे उलट, देशभर जाळं पसरलंय.

वनस्पती आणि प्राण्यांचा धडा, पर्यटनाचा धडा, हे एवढे खोदायची गरज नाही, दोन वेळा नीट वाचून नावं आणि ठिकाणं नकाशावर टाकली की झालं. स्थलांतरित शेतीला ईशान्य भारतात झूम आणि ब्राझीलमध्ये रोका म्हणतात, असे छोटे शब्द जोड्या लावामध्ये येतात, ते वहीच्या मागच्या पानावर गोळा करत जा.

पायरी ४: भौगोलिक कारणं लिहायची कशी

तीन मार्कांना तीन मुद्दे, पण सुटे नकोत. एकातून दुसरा निघाला पाहिजे. मी मुलांना क्रम देते: स्थान → उंची/रचना → हवामान → माणसावर परिणाम. प्रत्येक उत्तरात चारही लागत नाहीत, पण क्रम हाच ठेवा.

"ब्राझीलमध्ये नियमित हिमवर्षा होत नाही" हेच घेऊ.

स्थान: ब्राझीलचा बहुतांश भाग विषुववृत्त ते मकरवृत्त यांच्या दरम्यान, उष्ण कटिबंधात येतो, त्यामुळे वर्षभर तापमान जास्त असतं. उंची: कायम बर्फ राहील इतके उंच पर्वत तिथे नाहीत, सर्वोच्च शिखर पिको दी नेब्लिना सुमारे ३००० मीटर आणि तेही विषुववृत्ताच्या अगदी जवळ. हवामान: समशीतोष्ण कटिबंधात येणारा दक्षिणेचा भाग छोटा, तिथे हिवाळ्यात तापमान उतरतं आणि क्वचित कधी बर्फ पडतो, पण नियमित नाही. झालं, तीन मार्क. पेपरात हे लेखी भाषेत लिहायचं, "येते", "असते", बोलीतलं "येतं", "असतं" नाही.

"मानौसच्या तापमान कक्षेत फारसा फरक नसतो" याला पण तोच क्रम (तापमान कक्षा म्हणजे कमाल आणि किमान तापमानातला फरक). मानौस विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंश दक्षिणेला, सूर्यकिरणं वर्षभर जवळजवळ लंबरूप, दिवस-रात्र साधारण सारखे, त्यात ढग, पाऊस आणि दाट जंगलामुळे आर्द्रता, म्हणून उन्हाळा-हिवाळा असा ठळक फरक होत नाही. हेच दिल्लीला लावून बघा, कर्कवृत्ताच्या बाहेर, समुद्रापासून लांब, म्हणून मे महिन्यात भाजून काढतं आणि जानेवारीत धुकं. एका उत्तराच्या पोटात दुसरं उत्तर तयार झालं.

रोज एक कारण, पुस्तक मिटून, घड्याळ लावून सात मिनिटांत. मग उघडून तपासायचं. महिन्याभरात पुस्तकातली जवळपास सगळी कारणं होतात, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

पायरी ५: नकाशाचे ८ मार्क

दोन प्रकार येतात. एक नकाशा भरायचा, दुसरा छापलेला नकाशा वाचून उत्तरं द्यायची. दुसऱ्यात मुलं घाई करतात, सूची न बघताच उत्तर लिहितात. आधी शीर्षक वाचा, मग सूची, मग प्रश्न.

भरायच्या नकाशासाठी खुणेच्या जागा ठरवून घ्या, त्यांच्या आधाराने बाकीचं सापडतं. ब्राझीलमध्ये: अ‍ॅमेझॉनचं मुख आणि तिथलं माराजो बेट, ईशान्येला समुद्रात घुसलेला फुगवटा, किनाऱ्यावर रिओ, त्याच्या नैर्ऋत्येला जरा आत साओ पावलो, अगदी खाली पोर्तो अलेग्रे आणि त्याला लागून पॅटोस लगून, आत अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात मानौस, पठारावर ब्राझिलिया. भारतात: कच्छ-खंबातचे आखात, चिलिका सरोवर, वेंबनाड, अरवली, नर्मदेचं मुख, सुंदरबन, लक्षद्वीप आणि अंदमान. लक्षद्वीप अरबी समुद्रात आणि अंदमान बंगालच्या उपसागरात, हे उलटं होऊ देऊ नका.

आठवड्यातून दोनदा कोरा नकाशा घ्या, मित्राला किंवा घरातल्या कोणालाही पुस्तकातून चार नावं सांगायला लावा आणि दहा मिनिटांत भरा. प्रदेश दाखवायचा असेल तर छायांकन, नदी दाखवायची तर निळी रेघ, शहर असेल तर ठिपका, आणि प्रत्येकाची सूची चौकटीत. नदी काढताना ती डोंगरातून उलटी चढत नाहीये ना ते बघा. नावं आडवी, वाचता येतील अशी. दोन्ही देशांचा सराव करा, कारण पेपरात कुठला येईल सांगता येत नाही.

पायरी ६: आलेख

६ मार्क, आणि इथे पर्याय असतो: आलेख काढा किंवा दिलेला आलेख वाचून उत्तरं लिहा. माझं मत विचाराल तर दोन्हींचा सराव करून जा आणि आकडे बघून ठरवा. आकडे सोपे, सरळ असतील तर काढा, नाहीतर वाचनाचा घ्या.

सरावाला हे घ्या, भारताची लोकसंख्या कोटींत, जवळच्या पूर्णांकात: १९५१ ला ३६, १९६१ ला ४४, १९७१ ला ५५, १९८१ ला ६८, १९९१ ला ८५, २००१ ला १०३, २०११ ला १२१. काळानुसार बदल आहे म्हणून रेषालेख. आधी सगळ्यात मोठा आकडा बघा, १२१, मग प्रमाण ठरवा, १ सेमी = २० कोटी, म्हणजे उभा अक्ष सात सेंटिमीटरमध्ये बसला. आडव्या अक्षावर १ सेमी = १० वर्षं, वर्षांमधलं अंतर समान ठेवा. मग बिंदू, मग रेषा. शीर्षक, दोन्ही अक्षांची नावं, एकक, आणि कोपऱ्यात प्रमाण. प्रमाण लिहायला विसरणं ही सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट आहे, आणि आलेख सुंदर काढूनही त्याने मार्क जातात.

आलेख काढून झाला की त्याच्याशी बोला: कुठल्या दशकात रेघ जास्त चढली, कुठे कमी. वाचनाच्या प्रश्नांची तयारी आपोआप होते. दोन देशांची तुलना असेल तर जोडस्तंभालेख, दोन रंग किंवा एक भरीव एक रेघांचा, आणि सूची.

पायरी ७: क्षेत्रभेट खरोखर करा

हा धडा सगळे घरात बसून करतात. प्लीज एकदा बाहेर पडा. लांब जायची गरज नाही, गावाजवळची नदी, बाजार समिती, वीटभट्टी, धरण, एसटी स्टँड, काहीही चालेल. जायच्या आधी प्रश्नावली करा. नदीवर गेलात तर: पाणी वर्षभर असतं का, दोन्ही काठांपैकी कुठला झिजतोय आणि कुठल्यावर वाळू साचतेय, काठाला कुठली पिकं, पूर आला तर पाणी कुठपर्यंत येतं (हे म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात), सांडपाणी कुठून मिसळतं. वही, पेन, टोपी, पाणी, मोबाईलचा कॅमेरा, आणि सोबत मोठं माणूस. कचरा परत आणायचा आणि फोटो काढायच्या आधी लोकांना विचारायचं, पुस्तकात क्षेत्रभेटीच्या काळजीबद्दल जे प्रश्न आहेत त्यांची हीच उत्तरं आहेत. असं एकदा केलं की "क्षेत्रभेटीची आवश्यकता" या प्रश्नावर लिहायला स्वतःचं काहीतरी असतं.

वेळापत्रक, ज्यांना पाहिजे त्यांच्यासाठी

जूनपासून आठवड्याला दोन वेळा पाऊण तास पुरतो. दिवाळीपर्यंत थरांचा नकाशा पाचही तुकड्यांसकट तयार हवा. दिवाळीच्या सुट्टीत क्षेत्रभेट. नोव्हेंबर-डिसेंबरात उरलेले धडे आणि रोज एक कारण. जानेवारीत गाईड बाहेर काढा, पण उत्तर वाचायला नाही, प्रश्न शोधायला. फेब्रुवारीत जुने पेपर, दोन तास लावून, कमीत कमी चार. उशिरा सुरू केलंत तर स्थान, प्राकृतिक रचना, हवामान आणि लोकसंख्या हे चार आधी घ्या, बाकीचे यांच्यावर उभे आहेत.

पेपरच्या दोन तासांत

१२० मिनिटं, ४० मार्क, म्हणजे एका मार्काला तीन मिनिटं, भरपूर वेळ आहे, धावपळ करू नका. पर्याय, जोड्या आणि एका वाक्यातल्या उत्तरांना मिळून १५ मिनिटं, नकाशाला २०, कारणांना २०, आलेखाला २२ च्या आसपास, सविस्तर उत्तरांना ३०. बाकीचा वेळ तपासायला. सविस्तर उत्तरात तुलना विचारली असेल तर परिच्छेद लिहू नका, दोन रकाने करा, आणि मुद्द्याला मुद्दा भिडवा, भारताची उंची लिहिली तर समोर ब्राझीलची उंचीच हवी, नद्या नकोत. जिथे छोटा कच्चा नकाशा काढून उत्तर स्पष्ट होतंय तिथे काढा.

प्रश्नपत्रिकेच्या सूचना सुरुवातीलाच वाचा, स्टेन्सिल आणि रंगीत पेन्सिलींबद्दल तिथे लिहिलेलं असतं. नकाशाची पुरवणी आणि आलेखाचा कागद हातात आल्या आल्या त्यावर बैठक क्रमांक टाका, आणि शेवटची दहा मिनिटं उरली की सगळं सोडून आधी हे दोन्ही कागद मूळ उत्तरपत्रिकेला घट्ट बांधा, मग उरलेली तपासणी करा.